घरचा गोलकीपर बाकावर

रविवार, ८ डिसेंबर २०२४

लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा नवऱ्याला फुटबॉल खेळताना पाहिलं. बायको म्हणून गेले नव्हते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. गुणांसाठी गेले होते.

आमच्या शाळेत रजत सर म्हणून पीटीचे नवे शिक्षक आले आहेत. त्यांनी स्टाफरूममध्ये कागदी लीग काढली. समुद्रपूरच्या बाजारामागच्या मैदानावर दर रविवारी दहा गावांच्या टीम खेळणार. आम्ही आठ शिक्षकांनी त्या सगळ्यांतून आपापले पाच खेळाडू निवडायचे. एक खेळाडू एकाच शिक्षकाचा. शनिवारी दुपारी बाराच्या आत चिठ्ठी द्यायची: चौघं आत, एक बाकावर. रविवारी ते खरोखर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. गोलला पाच, गोलच्या पासला दोन. गोलकीपरने एकही गोल खाल्ला नाही तर सहा, खाल्ला तर प्रत्येक गोलमागे वजा एक. बाकावरच्याने काहीही केलं तरी शून्य. शेवटी चौघांची सेमीफायनल, मग फायनल. जिंकणाऱ्याला स्नेहसंमेलनातली मेकअपची ड्यूटी माफ. मागच्या वर्षी मी बेचाळीस पोपट रंगवले होते. नाव ताबडतोब दिलं.

गोलकीपर कोणी घेत नव्हतं. मी घेतला, आणि घरचाच घेतला. यांच्या हातून एकोणीस वर्षांत एक कप फुटलेला नाही. गणिताच्या बाईला एवढा पुरावा पुरतो. घरात मी यांचं नाव घेत नाही, पण चिठ्ठीत लिहावं लागतं, म्हणून इथेही गुलाबरावच लिहिते.

मैदानावर मला पाहून ते गोल सोडून थेट काठापर्यंत आले. घरी काही झालं का, असं विचारलं. काही नाही, मॅच पाहायला आले, म्हटलं तर विश्वास बसेना. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या चेंडूंवरही त्यांनी उड्या मारल्या. दोन–शून्यने जिंकले. सहा गुण.

बुधवार, ११ डिसेंबर

गुलाबरावांनी आज हातमोजे धुऊन वाळत घातले. येत्या रविवारी येणार का, असं भाजी निवडता निवडता विचारलं. येईन म्हटलं. मग उगाच अर्धा किलो वाटाणे सोलून दिले.

त्यांचे शर्ट हल्ली फार स्वच्छ निघतात. लाईनमनच्या शर्टाला छातीवर खांबाच्या गंजाचा पट्टा असायचाच, घासून हात दुखायचे. महिना झाला, पट्टा नाही. धुण्याची पावडर बदलल्याचा परिणाम. प्रमिलाबाईंनाही तीच घ्यायला सांगितली.

रविवार, १५ डिसेंबर

यांची समुद्रपूरची टीम एक–एक. गुलाबराव वजा एक. पण माझ्या गिरडच्या अश्वजितने तीन गोल मारले. पोरगा वाऱ्यासारखा पळतो. लीगमधला सर्वांत भारी खेळाडू माझ्याकडे आहे आणि तो केवळ माझ्या अभ्यासामुळे आहे. मी सगळ्यांची मागच्या वर्षीची आकडेवारी काढली होती.

प्रमिलाबाई हिंदी शिकवतात, वय सत्तावन्न. त्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नाही. या सगळ्या पोरांना त्यांनी सातवीत शिकवलं आहे, त्या आठवणीवर खेळाडू निवडतात. एकाला घेतलं, कारण तो न सांगता रोज फळा पुसायचा. त्या दुसऱ्या नंबरावर आहेत. नशीब म्हणतात ते हेच.

सोमवार, २३ डिसेंबर

काल लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हते. समुद्रपूर विरुद्ध गिरड. अश्वजितने गुलाबरावांवर तीन गोल मारले, आणखी एकाने एक. म्हणजे माझ्या एका हाताने पंधरा दिले आणि दुसऱ्याने चार काढून घेतले. टाळ्या कधी वाजवायच्या ते कळेना. तिसऱ्या गोलला मी वाजवल्या, तेव्हा गुलाबराव जमिनीवर पडूनच माझ्याकडे पाहत होते.

येताना मी स्कूटी चालवली. हल्ली ते मलाच चालवायला देतात, पाय लांब करून मागे बसतात. अठरा वर्षं माझ्या ब्रेकवर टीका केली, आता विश्वास बसलेला दिसतो.

शनिवार, २८ डिसेंबर

एक भानगड आहे. अश्वजितचं लग्न ठरलंय, सहा जानेवारीला. सेमीफायनल पाच जानेवारीला. उद्याची साखळीतली शेवटची मॅच झाली की मला त्याच्याबद्दल निर्णय घ्यावा लागणार. हळदीच्या दिवशी नवरदेव खेळेल का?

उद्याची चिठ्ठी कालच दिली होती, म्हणून आज रजा टाकून माहिती काढायला सकाळच्या एसटीने गिरडला गेले. घरी दर्ग्याला जाते म्हणून सांगितलं. खोटं नको म्हणून टेकडी चढून दर्ग्यालाही जाऊन आले. मग अश्वजितचं घर शोधलं. त्याच्या आईने, शोभाबाईंनी, मी कोण हे न विचारताच आत घेतलं. नवरीकडची कोणी असेन असं त्यांना वाटलं असावं. मला चहा, चिवडा आणि पत्रिकांचा गठ्ठा दिला. मी दीड तास पत्रिकांवर नावं लिहिली. अक्षर सगळ्यांना आवडलं. निघता निघता विचारलं की पाच तारखेला तो खेळेल का. शोभाबाई म्हणाल्या, "हळद वाट पाह्यते बाई, मॅच नाई पाह्यत. त्यानं आम्हाले सांगून ठेवलं हाये."

काम झालं. लग्नाला यायचं वचन देऊन आले, ते वेगळं.

रविवार, २९ डिसेंबर

समुद्रपूर तीन–दोन जिंकलं आणि सेमीफायनलला गेलं. मीही गेले, चौथ्या नंबरावर. पहिल्या प्रमिलाबाई. माझी सेमीफायनल रजत सरांशी.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

वहीत तक्ता केला. गुलाबरावांनी आजवर खाल्लेले गोल: सात. उजवीकडून एक, डावीकडून सहा. हा योगायोग नाही. चेंडू उजवीकडे आला की ते मांजरासारखे झेपावतात, डावीकडे आला की एक पाऊल उशिरा पडतं. सेमीफायनलला समोर पवनार आहे, आणि ती टीम नेमकी डावीकडूनच खेळते, कारण त्यांचा चांगला खेळाडू त्या बाजूला आहे. माझा हिशोब म्हणतो, तीन गोल.

आकडे एक सांगतात, पण मंगळसूत्र गळ्यात असताना नवऱ्याला बाकावर बसवायचं म्हणजे कसंतरी वाटतं. कागदच आहे, त्यांना कळणारही नाही. पण मला कळेल ना.

शनिवार, ४ जानेवारी

बाराला दोन मिनिटं कमी असताना चिठ्ठी दिली. गुलाबराव बाकावर.

प्रमिलाबाईंनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गणित खूप झालं की माणूस हुशार दिसतो, असं काहीतरी म्हणाल्या.

सकाळी गुलाबराव अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते. आठच मारल्या आणि नळाला धरून उभे राहिले. पंचेचाळिशीनंतर दम लागतोच.

रविवार, ५ जानेवारी

माझा हिशोब तंतोतंत. पवनारने तीन गोल मारले, तिन्ही डावीकडून. समुद्रपूरने चार मारले म्हणून फायनलला गेलं. अश्वजित मानेपर्यंत पिवळा होऊन आला आणि दोन गोल मारून गेला. चेंडूला, गोलच्या खांबाला, पंचांच्या शर्टाला, सगळीकडे हळद. गिरडही फायनलला.

मला बारा गुण, रजत सरांना दहा. गुलाबराव आत असते तर मला सात मिळाले असते आणि मी हरले असते. म्हणजे मी बरोबर होते. हे दोनदा तपासलं.

लीगचं त्यांना माहीत आहे, बाकाचं नाही; स्कूटीवर मागून त्यांनी विचारलं, "माझ्यामुळं किती भेटले तुले?" मी म्हटलं, बरे मिळाले. पुढे घरापर्यंत माझ्या कानाशी ते शीळ घालत होते. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

नको ते झालं. शाळेची वीज गेली. लाईन पाहायला गुलाबराव आणि त्यांच्या जोडीचे तानबा आले. तानबा खांबावर चढले, हे पाणी प्यायला म्हणून स्टाफरूममध्ये आले. मी सहावी ब वरून परत आले तेव्हा ते फलकासमोर उभे होते. फलकावर सेमीफायनलच्या चिठ्ठ्या लावलेल्या. 'बाकावर: गुलाब (समुद्रपूर)'. माझ्या अक्षरात. शिवाय मी नाव लिहून खाली रेघही मारली होती.

ग्लास उपडा ठेवून गेले.

संध्याकाळी वही मागितली. पाटावर बसून तक्ता पाहिला. आता त्यात दहा गोल होते, डावीकडून नऊ. बराच वेळ त्या नऊवर बोट ठेवून बसले.

"हे तूच मोजलं?"

"हो."

"बरोबर मोजलं," म्हणाले आणि वही मिटून दिली.

तीनऐवजी दोनच भाकऱ्या खाल्ल्या. रागावले आहेत हे दिसतंच आहे. रागावले की ते असे सभ्य होतात.

गुरुवार, ९ जानेवारी

अजूनही सभ्य. काल त्यांनी स्वतः दूध तापवलं. आज फोनवर कोणाशी तरी बोलत होते, मी आले तशी आवाज खाली केला. रुपेशचं नाव ऐकलं. रुपेश म्हणजे बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला, समुद्रपूरचा राखीव गोलकीपर. आजवर एकाही मॅचमध्ये उतरलेला नाही. त्याच्याकडे माझी तक्रार करत असतील. करू देत.

रजत सरांना विचारलं की नवऱ्याची समजूत काढायला काही नियम आहे का. ते अविवाहित आहेत.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी ड्यूटीवर निघताना गुलाबराव दारात थांबले. म्हणाले, "मंजू, उद्याच्या चिठ्ठीत मले घेऊ नको. अश्वजितले घे."

एवढंच. टोमणा मारायची ही कुठली तऱ्हा? सरळ बोलून भांडले असते तर बरं झालं असतं.

फायनल माझी आणि प्रमिलाबाईंची. खरी फायनल समुद्रपूर आणि गिरडची. एकाच गोलसमोर माझे दोघं: अश्वजित मारणार, गुलाबराव अडवणार. दोघांनाही घेतलं तर एकाचं मिळवलेलं दुसरा घालवणार, आणि बाकीचे तिघं मला काढायचेही नव्हते. म्हणजे दोघांपैकी एक बाकावर. अश्वजितची सरासरी दहाच्या वर आहे. गुलाबरावांची मी काढलीच नाही.

दोन तासिका कागद घेऊन बसले. आठवीला प्रमेय स्वतःच वाचायला सांगितलं. मग सुचत गेलं. अश्वजित नवा नवरदेव. पाच दिवस पाहुणचार चालला असणार, सकाळी गोड, संध्याकाळी गोड. अंग जड होणार. नवरीसमोर खेळायचं दडपण. शिवाय लग्नात तो माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा किंचित धापा टाकत होता, मी स्वतः पाहिलं. उलट गुलाबरावांना आता सगळं डावीकडून येतं हे माहीत झालंय, म्हणजे ते डावीकडे लक्ष ठेवणार. आकड्यांकडे नुसतं पाहून चालत नाही, त्यामागची कारणं पाहावी लागतात.

बाराला पाच कमी. आत: गुलाब. बाकावर: अश्वजित.

रजत सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला बरं वाटत नाही का, असं विचारलं. प्रमिलाबाईंनीही ती वाचली. डब्यातली एक पुरणपोळी माझ्या ताटात ठेवली.

घरी सांगितलं नाही. उद्या मैदानावर सांगेन.

रविवार, १२ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते.

तीनला मॅच. गुलाबराव दुपारीच पुढे गेले होते. मी पोचले तेव्हा खेळाडू मैदानात उतरत होते आणि समुद्रपूरच्या गोलमध्ये रुपेश उभा होता. हातमोजे आमचे, ओळखीचे. गुलाबराव काठावर, शाळेतून आणलेल्या लांब बाकावर डावा पाय सरळ करून बसलेले.

मला आधी वाटलं टीमने काढलं. जाऊन कोणाशी तरी भांडावं असं मनात आलं, कोणाशी ते ठरेना. तेवढ्यात शिटी वाजली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काऊन बसले, म्हणून विचारलं.

ते मैदानाकडे पाहतच बोलले. गुडघा दिवाळीच्या आधीपासून गेला आहे. डाव्या पायावर जोर देता येत नाही. दोन महिने खांबावर तानबाच चढतोय, हे खाली उभे राहून हत्यारं देतात. कोणाच्या लक्षात येत नाही असं त्यांना वाटत होतं. मंगळवारी माझा तक्ता पाहिला आणि कळलं की ज्याला मोजता येतं त्याला दिसतं. मी मोजलं तर गिरडची पोरंही मोजतील. म्हणून कप्तानाला सांगून रुपेशला उतरवलं. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत त्याला शिकवत होते.

म्हणजे पावडर चांगली नव्हती. प्रमिलाबाईंना सांगावं लागेल.

मी विचारलं, दिवाळीपासून दुखत होतं तर सोडलं का नाही. मला का नाही सांगितलं.

अश्वजितने एक गोल मारला, डावीकडून नाही, सरळ मधून. गिरडकडचे लोक नाचले. नवरी खुर्चीवर उभी राहिली. ते शांत झाल्यावर गुलाबराव म्हणाले, "सोडणारच होतो. पह्यल्या मॅचनंतर कप्तानाले सांगणार होतो. पण तू येऊन राह्यली होती ना."

मैदानावर काय चाललंय ते थोडा वेळ दिसलं नाही. म्हणून मग सांगून टाकलं की आजच्या चिठ्ठीत मी त्यांना घेतलंय.

ते वळले. "मले? म्या सांगितलं होतं ना."

"मले वाटलं तुम्ही रागावून बोलले."

"अन् बसवलं कोणाले?"

"अश्वजितले."

एकोणीस वर्षांत हा माणूस माझ्यावर असा चिडलेला मी पाहिला नव्हता. मंगळवारी चिडले नाहीत, आज चिडले. चौदा गोल मारलेल्या पोराला फायनलमध्ये कोणी बाकावर बसवतं का, मुलांना गणित काय शिकवतेस, दुखऱ्या गुडघ्याच्या शेहेचाळीस वर्षांच्या माणसासाठी अशी टीम वाया घालवतात का, असं सगळं ऐकवलं. आजूबाजूचे लोक आमच्याकडे वळून पाहू लागले. अश्वजितने दुसरा गोल मारला तेव्हा गुलाबरावांनी दोन्ही हात माझ्याकडे करून दाखवले, की पाहा. आपल्याच टीमवर गोल झालाय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला हसू आलं. मग त्यांनाही आलं, पण खूप उशिरा.

समुद्रपूर तीन–दोनने जिंकलं. रुपेशने शेवटच्या मिनिटाला एक चांगला अडवला. तो अडवला तेव्हा गुलाबराव बसल्या जागेवरून डावीकडे झुकले होते, माझ्या अंगावर. फोटोला सगळ्यांनी त्यांना बोलावलं. ते हळूहळू चालत गेले, लंगडणं न लपवता.

माझे गुण सात. प्रमिलाबाईंचे बारा. फळा पुसणाऱ्याने दोन गोल मारले. अश्वजित आत असता तर माझे सतरा झाले असते.

सोमवार, १३ जानेवारी

प्रमिलाबाईंना बक्षीस मिळालं. यंदा मला पस्तीस बेडूक रंगवायचे आहेत. त्यांना विचारलं की गुलाबराव खेळणार नाहीत हे माहीत होतं का. नव्हतं म्हणाल्या. मात्र मी त्यांना आत घेणार हे माहीत होतं. कसं, ते सांगितलं नाही. मी त्यांच्या वर्गात कधी नव्हते.

गुरुवार, १६ जानेवारी

गुलाबरावांना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले. नंबर एकसष्ट. डॉक्टरांची वाट पाहत दोन तास बाकड्यावर. गुलाबराव म्हणाले, खेळ आता संपलाच म्हणायचा, खांबाचं काय ते पाहू. वीज ऑफिसच्या साहेबांनी सध्या तक्रारींच्या फोनवर बसवायचं कबूल केलंय. मी डबा उघडला, त्यांनी खाल्लं नाही. हाताची बोटं मोजल्यासारखी एकेक दाबत होते.

साठ नंबर पुकारला तेव्हा म्हणाले, पुढच्या वर्षी रजत सर लीग काढणार का. मी म्हटलं, काढतील.

"मी नसन ग्राऊंडवर. तरी येशीन का तू?"

"कोणाले पाह्याले?"

"कोणालेबी. माझ्याजवळ बसाले."

मी विचार करू लागले. गुणांशिवाय दोन तास उन्हात बसणं म्हणजे काय, अमुक इतका वेळ, तपासायच्या वह्यांचे गठ्ठे, स्वयंपाक. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. ते उठले नाहीत. नर्स दारातून पुन्हा ओरडली, एकसष्ट. मागच्या बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावून सांगितलं की तुमचाच आहे. तरी उठले नाहीत, माझ्याकडे पाहत बसले.

येईन म्हटलं. मग उठले.